ऐंशी खुर्च्यांतला एडी कार्बोन

ठाण्यातल्या एका हौशी गटाच्या तरुण दिग्दर्शिकेने विचारलं आहे: 'आर्थर मिलरचं "अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज" मराठीत करायचं आहे. आम्ही अकरा जण, सगळे नोकऱ्या सांभाळून. नौपाड्यात एक हॉल मिळतोय. त्यात ऐंशी खुर्च्या बसतात, स्टेज नाही, नुसती फरशी. गोष्ट ब्रुकलिनचीच ठेवावी की वाशीच्या माथाडी कामगारांत आणावी? एवढ्याशा जागेत ही शोकांतिका पेलेल का? आणि दुसऱ्या अंकातलं ते चुंबन ठेवायचं का?'

आधी थोडक्यात सांगतो. करा. ब्रुकलिनच ठेवा. चुंबनही ठेवा. आणि हॉल छोटा म्हणून हळहळू नका. हे नाटक मी दोनदा केलंय. मोठ्या रंगमंचावर घालवलं आणि कोपरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये कमावलं.

घालवलं ते असं. नेपथ्यकार उत्साही होता, मी त्याच्याहून उत्साही. नाटकाच्या नावात पूल आहे म्हणून आम्ही प्लायवूड आणि थर्माकोलचा चौदा फुटी पूल उभा केला. पडदा उघडल्यावर पुलाला टाळी पडली. ती त्या रात्रीची शेवटची टाळी. पुलाखाली एडीचं घर काडेपेटीएवढं दिसायला लागलं आणि टेबल पुसता पुसता नवऱ्याकडे चोरून बघणारी बीट्रिस दहाव्या रांगेच्या पुढे कुणाला दिसलीच नाही. लोकांना भांडणं दिसली, संसार दिसला नाही. नाटकात पूल कुठेही लागत नाही हे मला नंतर कळलं. पूल म्हणजे वरून गाडीने जाणाऱ्यांची नजर. आपल्याला खालच्या घरात बसायचंय.

या नाटकाचा इतिहासही तेच सांगतो. सप्टेंबर १९५५ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं तेव्हा एकांकी होतं, बरेचसे संवाद पद्याच्या घाटात, जोडीला मिलरचीच दुसरी एकांकिका. १४९ प्रयोगांत आटोपलं. मग मिलरने ते दोन अंकी केलं, घरातल्या बायकांना जास्त जागा दिली आणि १९५६ मध्ये पीटर ब्रुकने ते लंडनला बसवलं. पण न्यूयॉर्कमध्ये त्याचं नशीब फळफळलं ते १९६५ मध्ये, ग्रिनिच व्हिलेजमधल्या शेरिडन स्क्वेअर प्लेहाउस नावाच्या छोट्या थिएटरात. दिग्दर्शक उलू ग्रॉसबार्ड, एडी झाला होता रॉबर्ट डुव्हाल, रोडॉल्फो जॉन व्हॉइट, आणि दिग्दर्शकाच्या हाताखाली धावपळ करणारा पोरगा डस्टिन हॉफमन. प्रयोग झाले ७८०. पुढे १९८७ मध्ये अ‍ॅलन एकबोर्नने मायकेल गॅम्बनला घेऊन ते लंडनच्या नॅशनल थिएटरच्या सगळ्यात लहान प्रेक्षागृहात केलं, तेही गाजलं. २०१४ मध्ये इवो व्हान होव्हने लंडनच्याच यंग व्हिक थिएटरात नेपथ्य जवळजवळ सगळंच काढून टाकलं आणि तीन बाजूंना प्रेक्षक बसवले. तेव्हा 'पेलेल का' हा प्रश्न खरं तर मोठा रंगमंच घेणाऱ्याने विचारायला हवा.

नाटक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. ब्रुकलिनच्या रेड हूक भागात एडी कार्बोन हा गोदी कामगार. बायको बीट्रिस. बीट्रिसच्या मेलेल्या बहिणीची मुलगी कॅथरीन, वय सतरा, ती यांनीच वाढवलेली. सिसिलीहून बीट्रिसचे दोन मावस-मामेभाऊ, मार्को आणि रोडॉल्फो, कागदपत्रांशिवाय येऊन याच घरात लपून राहतात. कॅथरीन रोडॉल्फोच्या प्रेमात पडते. एडीला ते सोसत नाही आणि का सोसत नाही हे त्याला स्वतःशीही कबूल करता येत नाही. शेवटी तो सरकारी खात्याला फोन करून आपल्याच पाहुण्यांना पकडून देतो आणि आपलं नाव परत मागता मागता मार्कोच्या हातून, स्वतःच्याच सुरीने मरतो.

आता वाशी. मोह मला समजतो. रेड हूकचा कामगार रोज सकाळी धक्क्यावर उभा राहायचा आणि मुकादमाने निवडला तर त्या दिवशी पोट भरायचं. गिरणीच्या गेटावर उभे राहणारे बदली कामगार आठवा, किंवा आजचे नाक्यावरचे. आपल्याकडे अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला तो याच रोजच्या उभं राहण्यावर उत्तर म्हणून. साताऱ्याकडच्या गावातून आलेला पाहुणा कोपरखैरण्याच्या खोलीत जमिनीवर झोपतो, टोळीत नंबर लागायची वाट बघतो, हे चित्र तुम्हाला आयतं मिळतं. पण पुढे फोनपाशी येऊन गाडी अडते. साताऱ्याहून आलेल्या मेव्हण्याविरुद्ध एडीने कुणाला फोन करायचा? तो गुन्हेगार नाही. बिहारहून आलेला असला तरी नाही, त्याला इथे राहण्याचा हक्कच आहे. बांगलादेशी केलात तर कायदा सापडतो, पण नातं हरवतं. मार्को आणि रोडॉल्फो हे बायकोच्या माहेरचे, एकाच देवाला मानणारे, एकाच गावचे. परक्याला पकडून दिलं तर या मोहल्ल्याने एडीकडे पाठ फिरवली नसती, कदाचित पाठच थोपटली असती. शिवाय तो शब्द उच्चारल्यावर तुमचा अर्धा प्रेक्षक कालच्या बातम्यांत शिरेल आणि परत येणार नाही. अमेरिकेत १९२४ च्या कायद्याने इटालियनांची दारं जवळजवळ बंद केली होती, म्हणून ही चोरटी वाट होती. तो कायदा या गोष्टीचा कणा आहे, तो वाशीला आणता येत नाही.

माथाडीचं काय करायचं ते मात्र सांगतो. तुमचा एडी, मार्को आणि रोडॉल्फो या तिघांना एका पहाटे तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात घेऊन जा. परवानगी घेऊन, मोबाइल खिशात ठेवून. गोणी पाठीवर घेणाऱ्याची मान बघू दे. ओझं उतरवल्यावर तो हात झटकत नाही, कसे लोंबू देतो, बसताना आधी काय टेकवतो, चहाचा ग्लास किती बोटांनी धरतो. एडी घरी येतो तेव्हा तो नुकता गोदीतून आलेला दिसला पाहिजे, आणि ऑफिसातून सुटून तालमीला आलेल्या नटाचे खांदे कीबोर्डचे असतात. माझ्या दुसऱ्या वेळच्या एडीने त्या एका सकाळीत जे उचललं ते मी तीन आठवडे सांगून झालं नव्हतं.

'मग "अधांतर" का नको, ते तर आपलंच आहे' असंही गटात कुणीतरी म्हणेलच. जयंत पवारांचं ते नाटक जरूर करा, पुढच्या वर्षी करा. तिथे गिरणी बंद पडते आणि घर ढासळतं. इथे गोदी चालू आहे, पगार येतोय, ताटात जेवण आहे, तरी घर ढासळतं. दोन वेगळे आजार आहेत.

भाषेवर मात्र मी जरा वेळ घेणार, कारण मराठीतलं हे नाटक संहितेच्या टेबलावरच जगतं किंवा मरतं.

पहिला प्रश्न: कॅथरीन एडीला काय म्हणते? मूळ नाटकात ती त्याला नावाने हाक मारते आणि मावशीला नुसत्या आद्याक्षराने. तुमचा अनुवादक सहज 'काका' लिहील, कारण आपल्याकडे मावशीच्या नवऱ्याला काकाच म्हणतात. ते खोडा. 'काका' म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक सावध होतो, एडीच्या प्रत्येक स्पर्शाकडे पोलिसी नजरेने बघायला लागतो. मिलरला ते इतक्या लवकर नकोय. त्या घरात नात्याला धड नाव नाही, आणि तिथूनच अंधार शिरतो. तेव्हा 'एडी' आणि 'तू'. मावशीला मात्र मी एकदाच 'मावशी' म्हणायला लावलं होतं. बीट्रिस तिला एकटीला गाठून सांगते की तू आता बाई झालीस, त्याच्यासमोर अर्ध्या कपड्यांत फिरू नकोस, तिथे. 'माय मरो, मावशी उरो' हे प्रत्येक मराठी माणसाच्या कानात बसलेलं आहे, त्यामुळे त्या एका हाकेत मेलेली आई खोलीत येऊन उभी राहते.

दुसरं, 'तू' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत हा भेदच नाही आणि मिलरलाही मिळाली नसती अशी चीज आपल्या हातात आहे. मार्को एडीला पहिल्या क्षणापासून 'तुम्ही' म्हणू दे. ज्याच्या घरात झोपतो त्याला माणूस तसंच म्हणतो. पहिल्या अंकाच्या शेवटी तो खुर्ची एडीच्या डोक्यावर धरतो तेव्हाही 'तुम्ही' मोडू देऊ नका. सरकारी अधिकारी धरून नेत असताना तो थुंकतो आणि सगळ्या गल्लीला सांगतो की याने माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढला. तिथे 'हा'. बोट रोखून नुसतं 'हा'. समोर उभ्या माणसाला तृतीयपुरुषात ढकललं की मराठीत तो वाळीत पडतोच. आणि अगदी शेवटच्या प्रवेशात, सुरीच्या अलीकडे, पहिल्यांदा 'तू'. आमच्या प्रयोगात त्या 'तू'ला मागच्या खुर्चीतून कुणीतरी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला होता. रोडॉल्फो शेवटी माफी मागायला येतो, तो मात्र अखेरपर्यंत 'तुम्ही'च.

तिसरं, एडी कॅथरीनच्या चालीवर बोलतो. नवा स्कर्ट, उंच टाचा, आणि ती झोकात चालते असं त्याचं म्हणणं. अनुवादक 'लचकत' लिहितात. 'लचकत' म्हटलं की फड उभा राहतो आणि एडी एकदम लंपट होतो. मी 'झुलत' घेतलं: 'अशी झुलत नको चालू, पोरं बघतात.' हे बाप म्हणतो, चिडलेला भाऊ म्हणतो, आणि पुढे कळतं की आणखीही कुणी म्हणतो.

तसंच रोडॉल्फोबद्दल. तो गातो, स्वयंपाक करतो, कॅथरीनचा ड्रेस शिवतो, केस सोनेरी. एडी वकिलाकडे जाऊन पुन्हा पुन्हा सांगतो की तो पोरगा 'ठीक नाय'. मराठीत यासाठी शेलकी शिवी जिभेवर तयार असते आणि तालमीत कुणीतरी ती टाकतोच, हशाही येतो. टाकू देऊ नका. एडीला तो शब्द उच्चारता येत नाही, म्हणून तर तो वकिलाच्या टेबलाभोवती घिरट्या घालतो. मनातलं दुसरं, स्वतःबद्दलचं, त्याला त्याहून उच्चारता येत नाही.

आणि 'नाव'. शेवटी एडी ओरडतो ते आपल्या नावासाठी. 'इज्जत', 'अब्रू', 'प्रतिष्ठा' हे सगळे शब्द नको. मराठीत नाव काढतात, नाव घालवतात, नावं ठेवतात, एखाद्याचं नावच टाकतात. 'माझं नाव परत दे' एवढं पुरे. आमच्याकडे एका नटाने उत्साहात 'माझं नाव बदनाम केलंस' असं म्हटलं आणि क्षणात हिंदी सिनेमा सुरू झाला.

बोली कुठली घ्यायची? मालवणी नको, सातारीही नको. कुठलीही प्रांताची बोली घेतलीत की ब्रुकलिन जाऊन तो प्रांत येईल. वागळे इस्टेट, लोकमान्यनगरच्या चाळीत जी सरमिसळ बोलतात ती घ्या: आखूड वाक्यं, 'नाय', 'कशाला पायजे', 'बोललो ना तुला'. मार्को-रोडॉल्फोला जरा सावकाश, जपून, गावच्या अदबीने बोलू द्या. मार्कोचे शब्द मोजून कमी करा. रोडॉल्फोला भरपूर बोलू द्या, त्याने एडीचं डोकं उठलं पाहिजे.

वकील आल्फिएरी गोष्ट सांगतो म्हणून त्याला सूत्रधार करून टाकायची युक्ती सगळ्यांना सुचते. झब्बा, उपरणं, झांज. नको. सूत्रधाराला गोष्टीची झळ लागत नाही. हा माणूस दोनदा एडीला समोर बसवून सांगतो की बाबा, कायद्यात तुझ्यासाठी काही नाही, तिला जाऊ दे, आणि त्याला येणारं सगळं दिसत असतं. तो हतबल आहे. शेवटी तो म्हणतो की आताशा आम्ही बहुतेक जण अर्ध्यावर भागवून घेतो, आणि तेच बरं. आपल्याकडे 'सर्वनाशे समुत्पन्ने अर्धं त्यजति पण्डितः' शाळेत पाठ केलेलं असतं. आल्फिएरी हा तो पंडित आहे. गंमत अशी की तो अर्धं सोडण्याच्या बाजूचा असूनही न सोडणाऱ्या एडीसाठी त्याचाच गळा दाटतो. संहितेत श्लोक घालू नका, पण नटाला सांगून ठेवा.

भूमिका वाटताना एडी म्हणून तुमच्या गटातला सगळ्यात तापट, जाडजूड माणूस निवडाल तर अर्धं नाटक गेलं. सगळ्यांना जो आवडतो, ज्याच्या डब्यातलं सगळे हक्काने खातात, तो निवडा. पहिली वीस मिनिटं लोक त्याच्यावर हसले पाहिजेत, त्याच्या बाजूने हसले पाहिजेत. गोदीत कॉफी उतरवली त्या वासाच्या गप्पा, कॅथरीनने त्याची सिगार पेटवून देणं, तिच्या नोकरीला आधी नाही म्हणून मग कसंनुसं हो म्हणणं. हे घाईने उरकू नका. त्याच गप्पांत एडी आणि बीट्रिस विनी बोलझानोची गोष्ट सांगतात, आपल्याच काकाला पकडून देणाऱ्या पोराची, ज्याला घरच्यांनीच जिन्यावरून फरफटत नेलं आणि ज्याच्यावर ते भर रस्त्यात थुंकले त्याची. एडी ती गोष्ट अगदी मनापासून तिरस्काराने सांगतो. तिथे नटाने पुढच्या फोनचा एक कणही दाखवायचा नाही. दाखवलात तर तुम्ही प्रेक्षकाला उत्तरपत्रिका आधीच दिलीत.

बीट्रिससाठी एकच सूचना. ती रडूबाई नाही. महिनोन्‌महिने नवरा जवळ येत नाही हे ती त्याला सरळ विचारते, आणि शेवटच्या प्रवेशात त्याच्या तोंडावर हेही सांगते की तुला हवी आहे ती कॅथरीन, आणि ती तुला कधीच मिळणार नाही. एवढं उघड बाकी कुणी बोलत नाही. आमच्या बीट्रिसला मी पूर्ण नाटकभर हाताला काम दिलं होतं, आवरणं, घड्या घालणं, पुसणं. त्या एका वाक्याला हात थांबले.

आता जागा. स्टेज नाही हे उत्तम. खुर्च्या तीन बाजूंना लावा. चौथ्या बाजूला दार आणि जिन्याची एक पायरी. मध्ये टेबल, चार खुर्च्या, एक आरामखुर्ची, एक ग्रामोफोन. भिंती नकोत.

टेलिफोनची पेटी कुठे ठेवायची याचा मी खूप विचार केला होता. संहितेत दुसऱ्या अंकात, एडी वकिलाकडे दुसऱ्यांदा जातो तेव्हा ती अंधारात हळूहळू उजळते. मोठ्या रंगमंचावर ती कोपऱ्यात असते आणि वेळ आली की दिवा लागतो, झालं. छोट्या हॉलमध्ये ती प्रेक्षकांच्या येण्याच्या दाराशीच ठेवा. अगदी अडचण होईल अशी. लोकांनी तिला घासून आत यावं, कुणीतरी त्यावर पिशवीही ठेवेल. दीड तास ती तिथे नुसती असेल. मग प्रकाश तिच्यावर आला की सगळ्यांना माना वळवून मागे बघावं लागतं, आणि एडी त्यांच्यातून वाट काढत तिथे जातो. फोनवर तो नाव सांगत नाही, पत्ता सांगतो. आवाज मुद्दाम लहान ठेवा.

त्या फोनमागे मिलरची स्वतःची जखम आहे हे नटांना माहीत असावं. १९५१ मध्ये त्याने याच गोदीतल्या गुंडगिरीवर एक पटकथा लिहिली होती, दिग्दर्शक एलिया कझान असणार होता. हॉलिवूडच्या स्टुडिओने अट घातली की खलनायक कम्युनिस्ट करा. मिलरने पटकथा मागे घेतली. पुढच्याच वर्षी कझानने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जुन्या सोबत्यांची नावं सांगितली. १९५६ मध्ये मिलरला त्याच समितीने बोलावलं, त्याने इतरांची नावं द्यायला नकार दिला, शिक्षा झाली, ती १९५८ मध्ये अपिलात रद्द झाली. नाव देणं आणि नाव राखणं या दोन गोष्टी त्या माणसाच्या आयुष्यात एकमेकांत गुंतल्या होत्या. तरीही त्याने फोन करणाऱ्याला राक्षस केलं नाही. तुम्हीही करू नका.

आणि गल्ली. अकरा जणांत मोहल्ला कुठून आणणार, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. वरच्या मजल्यावर लपलेली आणखी दोन पोरं त्याच धाडीत पकडली जातात, ती खाटीक लिपारीची माणसं. एडीला ती तिथे आहेत हे फोन करताना माहीत नव्हतं. ती पकडली जातात म्हणून एडीचा गुन्हा घरातला न राहता गल्लीचा होतो. मार्कोने आरोप केल्यावर एडी लिपारीकडे वळतो आणि लिपारी तोंड फिरवून बायकोला घेऊन निघून जातो. आम्ही लिपारी आणि त्याच्या बायकोला सुरुवातीपासून प्रेक्षकांत बसवलं होतं, पहिल्या रांगेत, साध्या कपड्यांत. शेजारच्या बाईंनी मध्यंतरात त्यांना गोळ्या-बिस्किटं देऊ केली. धाडीच्या प्रवेशात ते उठले, आणि आरोपानंतर प्रेक्षकांच्याच दाराने बाहेर गेले. शेवटच्या प्रवेशात त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. एडी नाव मागत होता ते त्या खुर्च्यांकडे बघून. त्या बाईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली होती, रिकाम्या खुर्चीवर ठेवली नाही. हे मोठ्या नाट्यगृहात मला कधीच दिसलं नसतं. तिथे प्रेक्षक पुलावरून बघतो. ऐंशी खुर्च्यांत तो गल्लीतला शेजारी होतो, आणि शेजाऱ्यांशिवाय या नाटकात शिक्षाच नाही.

आता धोक्याच्या तीन जागा.

खुर्ची. मार्को गुडघा टेकून, एका हाताने, एकाच पायाला तळाशी धरून खुर्ची जमिनीवरून उचलतो आणि हळूहळू डोक्यावर नेतो. प्लॅस्टिकची चालत नाही, लोक हसतात. लोखंडी घडीची किरकिरते. लाकडीच हवी, पण सुताराकडून हलकी करून घ्या: पाठ पोकळ, पाय मात्र सांध्यात पक्के. मी पैसे वाचवायला उल्हासनगरहून तयार खुर्ची आणली, दुसऱ्याच प्रयोगात तिचा पाय मार्कोच्या हातात आणि खुर्ची जमिनीवर. हॉल फुटला हसून. चूक पूर्ण माझी. मार्को शहाणा निघाला, त्याने तो पाय एडीच्या हातात नेऊन दिला आणि काही न बोलता बघत राहिला. तरी तो प्रयोग तिथेच संपला होता. नटाला महिनाभर आधीपासून मनगटाचा व्यायाम द्या, आणि प्रत्येक प्रयोगाआधी खुर्चीचे सांधे कुणीतरी एकानेच तपासायचे.

सुरी. धार नसलेली, टोक आत जाणारी, आणि तीही आकड्यांत बसवलेली: एक, हात, दोन, मनगट, तीन, वळण. प्रेक्षक तीन फुटांवर आहे. खरी सुरी तालमीतही नको.

चुंबन. एडी दारू पिऊन येतो, आधी कॅथरीनचं घेतो, मग रोडॉल्फोचं. दुसऱ्यात वासना कमी आणि अपमान जास्त आहे. तिच्या डोळ्यांसमोर त्याला 'तसा' सिद्ध करायचंय. तिघांशीही आधी मोकळेपणाने बोला. कुणाची तयारी नसेल तर भूमिका बदला, दबाव नको. हेही आकड्यांत बसवा, बंद खोलीत, दुसरी एखादी जबाबदार व्यक्ती हजर ठेवून. दिवे मंद करू नका, पाठमोरं करू नका, ते केलं की चावट होतं. कुणी हसेल. हसू द्या, एडीने थांबायचं नाही. दोन सेकंदांत तेच हसणं घशात अडकतं.

लंडनमध्ये १९५६ ला याच क्षणावरून सरकारी परिनिरीक्षकाने, म्हणजे सेन्सॉरने, नाटकाला जाहीर प्रयोगाची परवानगी नाकारली होती. तेव्हा थिएटरचा क्लब करून सभासदांसाठी प्रयोग केले गेले. तिथली ती पद्धत १९६८ च्या कायद्याने गेली. आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. संहिता वेळेत पाठवा, प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय जाहिरात करू नका, आणि चुंबन संहितेत स्पष्ट लिहा. लपवून पाठवून प्रयोगात करणं हा शहाणपणा नव्हे.

मिलर २००५ मध्ये गेला. आपल्या कायद्यात लेखकानंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६५ सरेपर्यंत. अनुवादाची आणि प्रयोगांची, दोन्हीची लेखी परवानगी लागते. हौशी असणं हे कारण चालत नाही. मला सात महिने लागले होते, तेव्हा पत्र आजच पाठवा.

पैसे: ३०० रुपये तिकीट धरलं तर हाउसफुलला २४,००० रुपये. त्यात एक भपकेबाज प्रयोग करण्यापेक्षा त्याच हॉलमध्ये तीन शनिवार-रविवार मिळून सहा प्रयोग करा. चौथ्या प्रयोगाला नाटक अंगात मुरतं. दिव्यांसाठी हॉलच्या इलेक्ट्रिशियनला आधी भेटा. १५ अँपिअरच्या एका सर्किटवर जेमतेम ३,४५० वॅट निघतात, म्हणजे हजाराचे तीन हॅलोजन लावले की संपलं, आणि चहाची किटली त्याच बोर्डावर लावणारा कुणीतरी असतोच. चार-सहा एलईडी पार (रंगमंचाचे कमी वीज खाणारे दिवे) आणि दोन हॅलोजन पुरतील. एसी खडखडत असेल तर शेवटच्या वीस मिनिटांसाठी बंद करा, लोक घामाघूम झालेले चालतील.

आणि तारीख गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत धरू नका. नौपाड्यात संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मैदानात ढोलपथकाचा सराव असतो, आणि एडीच्या त्या फोनला पूर्ण शांतता लागते.